न आलेल्या शत्रूची राख

एका राज्यात राजा आणि राज्य एकाच अंगाचे होते. नगरात पाऊस पडला की राजा सोमकेतूच्या केसांतून थेंब ओघळत. आमराईला मोहोर आला की त्याच्या श्वासाला वास येई. त्याचं कुणालाच नवल वाटत नसे.

वेशीच्या बुरुजावर एक बोलणारी टिटवी राहत असे. शत्रू आला की ती ओरडे, "आला! आला!" मग पहारेकरी मशाली घेऊन धावत आणि शत्रूला जाळून परत येत. अशी तिनं किती वेळा नगरी राखली होती.

पुढं मात्र ती रोज ओरडू लागली. पहारेकरी धावत, कुणी दिसत नसे. तरी ते झुडपं जाळत, गंजी जाळत, कधी घरंही जाळत. न जाणो, आत कुणी लपलं असेल तर? आणि नगरात जिथं आग लागे, तिथं राजाचं अंग पेटे. उत्तर वेशीला लागली की गुडघा लाल होऊन सुजे, बाजारात लागली की बोटं. आग विझे, पण सूज पुरती उतरत नसे. होता होता राजाची बोटं वाकडी झाली. त्याचं पागोटं आता त्याची बहीण कुंतला बांधत असे.

राजवैद्यानं अंग तपासलं. म्हणाला, "महाराज, आत ना विष, ना कीड, ना कुणाचा बाण. आग आहे, पण आग लावणारा नाही."

आगी राजवाड्याकडे सरकू लागल्या. वाड्याच्या अंगणात एक बकुळ होती. तेच राजाचं काळीज.

सेनापती रणधवल म्हणाला, "ताईसाहेब, त्या टिटवीची मान मुरगळतो. ओरडणं बंद, दुखणं बंद."

"आणि खरा शत्रू आला म्हणजे? तुमचं घोरणं ऐकून पळेल का तो?"

सेनापतीनं मिशीवरचा हात खाली घेतला.

आग लावणारा नाही, म्हणजे हा शापच असणार, असं म्हणून कुंतला डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली. तो एका काळ्या ढिगाऱ्याशेजारी उघड्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर धुकं झोपलं होतं.

"हा शाप तुमचा का, बाबा?"

"माझाच. मी चूल पेटवली. तुमच्या माणसांना धूर दिसला आणि त्यांनी शत्रू समजून माझी झोपडी जाळली. तेव्हा मी म्हणालो, ज्याला शोधता तो तुम्हाला कधी न सापडो."

"माझा भाऊ मरेल."

"मग त्या शत्रूचं पाऊल आण, सावली आण आणि नाव आण."

कुंतला वेशीवर गेली. तिथली माती चाललेलं प्रत्येक पाऊल आठवणीत ठेवी. तिनं मातीवर हात फिरवला, तशी पावलं वर आली. सगळी आपल्याच पहारेकऱ्यांची.

मग ती तळ्यावर गेली. काठावरून गेलेल्या माणसांच्या सावल्या त्या तळ्यात माशांसारख्या पोहत. तिनं पाणी ढवळलं. मशाली घेतलेल्या सावल्या काठाशी आल्या. त्याही आपल्याच.

शेवटी ती बुरुज चढली. टिटवीचा घसा बसला होता.

"बाई गं, तू रोज कुणाला पाहतेस?"

"पाहत कुणालाच नाही. मला वास येतो. शत्रू आला की घरं जळतात, जळक्याचा वास येतो. माझ्या आईनं एवढंच शिकवलं. वास येतो, मी ओरडते. मलाही झोप नाही गं."

कुंतलेनं खाली पाहिलं. नगरात जागोजाग जळका वास सोडणारे राखेचे ढीग होते. त्या राज्याचा रिवाजच तसा होता. शत्रू सापडेपर्यंत जळल्या जागेची राख हलवायची नाही. राख म्हणजे साक्षीदार. तिला जो हात लावील तो शत्रूचा सोयरा. पहारेकरी येता-जाता तिला मुजरा करत.

ती मांत्रिकाकडे परत आली. "पाऊल आमचं. सावली आमची. आणि शत्रूचं नाव आहे राख."

"मग आता काय करशील?"

ती उत्तर देत बसली नाही. तिनं पदर खोचला आणि त्याच्या झोपडीचा ढिगारा ओंजळीओंजळीनं टोपलीत भरू लागली. सगळ्यांत जुनी राख तीच होती. राखेखालून मांत्रिकाची चूल निघाली. तिनं ती पदरानं पुसली. म्हाताऱ्यानं चुलीवर हात ठेवला, तसं त्याच्या मांडीवरचं धुकं उठून निघून गेलं.

खाली टिटवी ओरडली. बकुळीजवळ धूर दिसत होता. राजाचा श्वास अडकला होता. पहारेकरी मशाली घेऊन धावत होते. डोक्यावर राखेची टोपली घेऊन कुंतला डोंगर उतरली आणि त्यांच्या आडवी आली.

"शत्रूची सोयरी!" कुणीतरी ओरडलं.

"असेन. आधी मशाली पाण्यात बुडवा आणि टोपल्या घ्या. मग मला काय ती शिक्षा करा."

रणधवलानं तिचे काळे हात पाहिले. त्यानं आपली मशाल हौदात बुडवली आणि म्हणाला, "ताईसाहेब, टोपली जड असेल. इकडे द्या."

आधी बकुळीजवळची आग विझवली, मग सगळे वाकले. जाळणाऱ्या हातांनीच राख उचलली आणि नदीत सोडली. नदी थोडा वेळ करडी वाहिली, मग निवळली. टिटवीनं वारा हुंगला, मान पंखात घातली आणि झोपली. बुरुजावर तिची जागा कायम राहिली.

राजाची सूज हळूहळू उतरली. बोटं थोडी वाकडीच राहिली. एका सकाळी त्यानं आपलं पागोटं आपल्या हातानं बांधलं. ते जरा तिरकं बसलं. कुंतलेनं ते नीट केलं नाही.

राख नदीला मिळाली, झोप टिटवीला मिळाली, गोष्ट तुम्हा-आम्हाला मिळाली.