बेताची ऊब

नायलॉन बंदरावर नवीन होतं, तेव्हाची गोष्ट. कारखान्यात दोन भाऊ-धागे फिरत्या गरम रुळावर ताणून घ्यायला आले.

थोरला म्हणाला, "रूळकाका, जरा जास्त तापा की. मऊ झालो म्हणजे ताण दुखत नाही."

"दुखणार नाही बाळा, पण ताण अंगीही लागणार नाही, बळ येणार नाही." तरी हट्टापुढे रूळ तापला. थोरला लोण्यासारखा सहज लांबला. मग रूळ निवला आणि धाकटा बेताच्या उबेवर कण्हत ताणला गेला.

पुढे दोघांचे दोर वळले. त्या दोन दोरांनी गोमा तांडेलाची होडी खडकांपासून दूर बांधलेली असे. एका दुपारी वारा सुटला. थोरला पहिल्याच हिसक्याला तुटला. होडी एकट्या धाकट्यावर थांबली.

"दुखतंय का रे?" थोरल्याने विचारलं.

"दुखतंय. पण हळू बोल दादा, होडीत तांडेल झोपलाय."