मुंगीचं ऊन आणि न मरणारा केना

एक होती मुंगी. इवलीशी, काळी. सोयाबीनच्या शेतात तिचं बीळ. बिळात सात अंडी. रोज सकाळी दारात ऊन यायचं. टिकलीएवढं ऊन. मुंगी अंडी उन्हात ठेवायची. अंडी उबदार व्हायची.

एक दिवस ऊन आलंच नाही. मुंगी बाहेर आली. बघते तर काय, दारात केना. केना म्हणजे निळ्या फुलाचं तण. पसरत पसरत दारावर आलेलं. अंडी गारठली.

मुंगी म्हणाली, "केन्या, केन्या, बाजूला हो. माझं ऊन दे."

केना म्हणाला, "मी नाही हलत जा."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गोठ्यात फवारणीचा पंप टांगलेला.

"पंपा, पंपा, केन्यावर औषध मार.
केना हलेना,
माझं ऊन मिळेना."

पंप म्हणाला, "मी नाही मारत जा. मारून तो मरत नाही. पहिल्या साली मारलं. सगळा केना मेला, एकच उरला. मालक म्हणाला, एकानं काय होतंय. त्या एकाचं बी सांडलं. त्याची लेकरं औषधानं मरेनात. लेकरांची लेकरं मरेनात. आता शेतभर त्याचंच गोत. तू खुरप्याकडे जा."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. तण काढणाऱ्या कोंडाबाईच्या कुडाच्या भिंतीत खुरपं खोचलेलं. पार गंजलेलं.

"खुरप्या, खुरप्या, केना काढ.
पंप मारेना,
केना हलेना,
माझं ऊन मिळेना."

खुरपं म्हणालं, "मी नाही चालत जा. कोंडाबाईनं धरलं, तर चालेन."

तिथंच ओट्यावर कोंडाबाई डाळ पाखडत होती. फट् फट्, फट् फट्.

"कोंडाबाई, कोंडाबाई, शेतात चला.
खुरपं चालेना,
पंप मारेना,
केना हलेना,
माझं ऊन मिळेना."

कोंडाबाई म्हणाली, "मी नाही येत, माय. लई वर्सं निंदलं मी ते शेत. औषध आलं तसं मालक म्हणला, आता बाया नकोत. त्यानं बोलवावं, मग येते."

कोंडाबाईला राग आला होता. येणारच. मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बांधावर मालक उभा.

"मालक, मालक, कोंडाबाईला बोलवा.
बाई येईना,
खुरपं चालेना,
पंप मारेना,
केना हलेना,
माझं ऊन मिळेना."

मालक म्हणाला, "मी नाही बोलावत जा. बाया कशाला? औषध दुप्पट ओततो. बघू कसा मरत नाही."

पंप नको नको म्हणाला. ऐकतो कोण? मालकानं पंप पाठीवर घेतला. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स. घोळीची भाजी मेली. माठ मेला. सोयाबीनची पानं पिवळी पडली. आणि केना? हिरवागार.

औषधाचा ओघळ बिळात शिरला. मुंगी धावली. एक अंडं वर आणलं. दुसरं आणलं. तिसरं, चौथं आणलं. तीन आतच राहिली. ती काळी पडली. मुंगी खूप खूप रडली.

मग ती मालकाच्या पायावर चढली.

"मालक बोलावेना,
बाई येईना,
खुरपं चालेना,
पंप मारेना,
केना हलेना,
माझं ऊन मिळेना."

आणि चावली. चट्!

मालक खाली वाकला. वाकला तेव्हा त्याला दिसलं. सगळं वाळलेलं, नुसता केना उभा. फुलं आलेली. बी धरलेलं.

"तो एक मीच ठेवला होता," मालक म्हणाला.

मालक उठला. कोंडाबाईच्या दारात गेला.

"कोंडाबाई, माझं चुकलं. शेतात चला."

"आता आठवली व्हय कोंडाबाई?" ती म्हणाली. पण उठली. चार मैत्रिणींना हाक मारली.

मालकानं बोलावलं,
बाई आली,
खुरपं चाललं, खस् खस् खस्,
पंप खुंटीला बसला,
केना मुळासकट हलला.

"तुकडा टाकू नका गं," कोंडाबाई म्हणाली. "टाकला की रुजतोय. बी तर सांडूच नका." बायकांनी केना पोत्यात भरला. पोती शेताबाहेर नेली.

मुंगीच्या दारात ऊन आलं. टिकलीएवढं ऊन. मुंगीनं चार अंडी उन्हात ठेवली. मग ती आत गेली. काळी तीन अंडीही घेऊन आली. एकेक करून उन्हात ठेवली. चार उबदार झाली. तीन गारच राहिली.

ऊन आलं दारी, गोष्ट झाली सारी.