मोरीतला ओंडका

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळू आपल्या पिल्लासह राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, हे मुलांनो, तुम्हाला ठाऊक असेलच. तिच्या बिळाच्या खालच्या अंगाला डांबरी रस्ता होता आणि रस्त्याच्या पलीकडे नदी. पूर्वी रस्ता अरुंद होता, तेव्हा गाड्या खड्डे चुकवत हळूहळू येत. मग माणसांनी तो रुंद आणि गुळगुळीत केला आणि गाड्या सुसाट धावू लागल्या. जनावरे जिथून ओलांडत, नेमके तिथेच वळण होते. वळणावर घाणेरीची झुडपे इतकी माजली होती की गाडीला जनावर दिसत नसे आणि जनावराला गाडी.

साळूचा नवरा त्याच वळणावर गेला. त्याची चूक एवढीच, की तो साळिंदरासारखा वागला. संकट आले की साळिंदर पळत नाही. ते पाठ फिरवते, काटे फुलवते आणि ते खडखड वाजवत जागच्या जागी उभे राहते. अशा पाठीपुढून बिबट्यासुद्धा गुमान निघून जातो. गाडीला मात्र काटे म्हणजे काय, ते ठाऊक नव्हते.

तेव्हापासून साळूच्या जिवाला एकच घोर लागला. उन्हाळा तोंडावर आला होता. बिळाजवळचा झरा बारीक होत चालला होता. तो आटला की पिल्लाला पाण्यासाठी नदीवर न्यावे लागणार होते. रस्त्याखालून एक मोरी होती, पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून माणसांनी ठेवलेली. लहान जनावरे पूर्वी तिच्यातूनच ये-जा करत. पण गेल्या पावसाळ्यात सागाचा एक जाडजूड ओंडका वाहत येऊन तिच्या तोंडात घट्ट अडकला, त्याच्यामागे गाळ साचला आणि मोरी बुजली. साळूने पंजांनी गाळ उकरून पाहिला, ओंडका कुरतडून पाहिला. दात दुखून आले, पण ओंडका तसूभरही हलला नाही.

म्हणून ती पंचायतीकडे गेली. जंगलाची पंचायत नदीकाठच्या उंबराखाली भरत असे. गवा सरपंच होता, कोल्हा कारभारी, आणि वानर पंच म्हणून फांदीवर बसे. साळू जीव मुठीत धरून रस्ता ओलांडून तिथे पोचली, तेव्हा मोहाची फुले आधी कोणी वेचावीत यावरून दोन भेकरांचे भांडण चालले होते. ते संपेपर्यंत ती गप्प उभी राहिली.

"गवेदादा," ती म्हणाली, "माझ्या घरधन्याला रस्त्यावर गाडीनं चिरडलं."

गव्याने मान खाली घातली. "कानावर आलं आमच्या. फार वाईट झालं, साळूबाई."

"रस्ता माणसांचा, गाड्या माणसांच्या," वानर वरून म्हणाला. "त्याला पंचायत काय करणार? गाडीपुढं आडवी पडणार?"

"गाड्या थांबवा असं मी म्हणतच नाही, वानरभाऊ. मोरीतला ओंडका तेवढा काढा. गवेदादांच्या शिंगांना ते काम जड नाही. आणि वळणावरची घाणेरी रानडुकरांकडून उपटून घ्या, म्हणजे येणारी गाडी लांबून दिसेल. एवढंच मागणं आहे माझं."

"मागणं रास्त आहे हो," कोल्हा म्हणाला, "पण गाऱ्हाणं कोणाचं?"

"माझं."

"तुम्हाला कुठं लागलंय का?"

"मला नाही लागलं."

"मग ते रीतीत बसत नाही. ज्याला लागलं, त्यानं स्वतः समोर उभं राहून सांगायचं. दुसऱ्याचं गाऱ्हाणं दुसऱ्यानं मांडायचं नाही."

मुलांनो, ही रीत काही वाईट म्हणून पडलेली नव्हती. एके काळी हाच कोल्हा कोणाच्याही नावाने खोटीनाटी गाऱ्हाणी घेऊन येई आणि घराघरांत भांडणे लावून देई. त्याला आळा बसावा म्हणून ही रीत घातली गेली. आता तोच कारभारी झाला होता आणि ती रीत सगळ्यांत काटेकोरपणे पाळत होता.

"अहो, ज्याला लागलं तो मेला!" साळू ओरडली. "तो कसा येऊन उभा राहील?"

शेवटी गवा म्हणाला, "बाई, आज तुझ्यासाठी रीत मोडली, तर उद्या पुन्हा तोच गोंधळ सुरू होईल. रस्त्यावर लागलेला एक तरी जिवंत जीव माझ्यासमोर आण. मी स्वतः उठून ओंडका काढीन. शब्द देतो."

साळूने रान पालथे घातले. रस्त्यावर लागलेले पुष्कळ होते, पण त्यांतले जिवंत उरलेले कोणी सापडेना. अखेर करवंदीच्या जाळीत एक ससा भेटला. गाडीचा धक्का लागून त्याचा मागचा पाय कायमचा वाकडा झाला होता.

तिचे सगळे ऐकून ससा म्हणाला, "म्हणजे साळूमावशी, ज्या रस्त्यानं पाय मोडला, त्याचं गाऱ्हाणं सांगायला तोच रस्ता ओलांडून जायचं? त्यापेक्षा तुमच्या गव्यालाच इकडं बोलावा की!"

"विचारलं रे मी. कोल्हा म्हणतो, पंचायत उंबर सोडून कुठं जात नाही."

"मोठ्यांचं बूड जड," ससा हसला. मग त्याने तिच्यामागे उभ्या असलेल्या पिल्लाकडे पाहिले. त्याचे काटे अजून मऊ होते. "बरं, येतो मी. पण हळू चालावं लागेल हं तुम्हाला."

पिल्लाला बिळात ठेवून दोघे निघाले. रस्त्याच्या कडेला साळूने कान टवकारले. काही ऐकू आले नाही. "चल," ती म्हणाली. ती पलीकडे पोचली आणि मागे वळून पाहते तो ससा अजून निम्म्यातच होता, एक पाय ओढत येत होता. तेवढ्यात घाणेरीच्या आडून गाडी आली.

साळू उंबराखाली एकटीच गेली.

"तक्रारदार कुठं आहे?" कोल्ह्याने विचारले.

"रस्त्यावर आहे."

"येतोय ना मागून?"

साळूने नुसती मान हलवली. काय ते सगळ्यांना कळले. गव्याच्या डोळ्यांत पाणी आले. पंचायत सशासाठी थोडा वेळ उभी राहिली, मग बसली. "तक्रारदार गैरहजर," कोल्हा हळू आवाजात म्हणाला. आणि मोहाच्या फुलांवरून भांडणारी भेकरे पुन्हा पुढे आली.

झरा आटला. साळूने पिल्लाला कंदमुळांच्या ओलीवर जमेल तितके दिवस जगवले. त्या दिवसांत ती त्याला एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवत होती.

"दिवे अंगावर आले की काय करायचं?"

"पळायचं."

"आणि काटे?"

"काटे नाही फुलवायचे. आई, पण तू तर फुलवतेस!"

"मीही नाही फुलवणार."

पिल्लाची जीभ कोरडी पडू लागली, तेव्हा एका तिन्हीसांजेला ती त्याला घेऊन निघाली. निम्मा रस्ता त्यांनी नीट पार केला. मग वळणावरून दिवे आले. पिल्लू थांबले. त्याने पाठ फिरवली आणि आपले मऊ काटे उभे केले. ते वाजत नव्हते, तरी ते अंग हलवून वाजवायचा प्रयत्न करत राहिले. त्याला ढकलायला साळू धावली. पण दिवे तिच्याही अंगावर आले, आणि इतके दिवस दुसऱ्याला शिकवलेले सगळे विसरून तिची पाठ आपोआप फिरली.

ती वाचली. तिचा मागचा पाय गेला. पिल्लू वाचले नाही.

पुढच्या पंचायतीला ती पाय ओढत आली. भेकरांनी आपण होऊन वाट दिली.

"मला लागलंय," ती म्हणाली.

कोल्ह्याने तिच्या पायाकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. "आता रीतीत बसतं," तो म्हणाला.

गवा शब्दाचा पक्का होता. तो तडक उठला. मोरीच्या तोंडाशी गुडघे टेकून त्याने ओंडक्याखाली शिंगे घातली आणि एक हिसका दिला. ओंडका सुटला आणि बाजूला गडगडत गेला. रानडुकरांनी गाळ उपसला, घाणेरी मुळासकट उपटली. गवतावरचे दव वाळायच्या आत सगळे काम उरकले. वळण लांबवर स्वच्छ दिसू लागले.

"एवढंच काम होतं होय?" वानर म्हणाला.

मुंगसे धावत मोरीतून पलीकडे गेली. ससे गेले. एक कासव बराच वेळ विचार करून आत शिरले. गव्याच्या कपाळाला चिखल लागला होता. तो साळूजवळ आला आणि अवघडून म्हणाला, "जा ना, साळूबाई. नदीला पाणी आहे अजून."

साळू मोरीच्या तोंडाशी बसून होती. आतून गार वारा येत होता.

"मला तहान नाही, गवेदादा," ती म्हणाली.

तात्पर्य : मेलेल्याला गाऱ्हाणे मांडता येत नाही, म्हणून गावच्या पंचांनी तक्रारीची वाट पाहत बसू नये, आपल्या हद्दीतला रस्ता आधी स्वतः चालून पाहावा.