शुभ्रेची चढती वाट

ज्या काळी शिलापुरात सुषेण राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच्या एका मंत्र्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. वडिलांमागे मंत्रिपद त्याच्याकडे आले तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि सभेतल्या इतरांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्या सभेत वय हाच पुरावा मानला जाई. त्यामुळे सोमिलला बसायला आसन होते, पण बोलायला जागा नव्हती.

शिलापूर शुभ्रा नावाच्या ओढ्यावर जगत असे. मागच्या डोंगरावरून ती उतरे, नगराला वळसा घाली आणि पश्चिमेला समुद्राकडे निघून जाई. दर उन्हाळ्याच्या तोंडी महामंत्री धर्मघोष तिच्या पात्रात उभा राही. पाणी त्याच्या घोट्याला लागले, पोटरीला की गुडघ्याला, याची दवंडी पिटली जाई आणि त्यावर लोक आपली उन्हाळी पिके ठरवीत. धर्मघोषाच्या पायावर लोकांचा जेवढा विश्वास होता, तेवढा राजाच्या शब्दावरही नव्हता.

त्या वर्षी पाण्याने त्याची बोटेसुद्धा झाकली नाहीत.

"चोर सापडला आहे, महाराज," धर्मघोष भर सभेत म्हणाला. "डोंगरमाथ्यावरची झाडं. चैत्रातसुद्धा त्यांच्या बुडाशी चिखल असतो. आपल्या वाट्याचं पाणी ती वरच्या वर पितात. माथा साफ करा, ओढा भरेल."

सोमिल उठला. "आर्य, पाऊस पडून महिने झाले. मग तो चिखल अजून ओला कसा?"

"बाळ, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी."

"त्या एव्हाना पचल्या असतील. प्रश्न मात्र तसाच आहे."

सभेत कोणी हसले नाही. राजाने कुऱ्हाडवाले डोंगरावर धाडले. सोमिलने त्यांच्याबरोबर जायची परवानगी मागितली आणि ती लगेच मिळाली, कारण तो काही दिवस समोर नसावा असे बऱ्याच जणांना वाटत होते.

दक्षिणेकडचा अर्धा माथा तुटून पडला. उरलेल्या झाडांच्या कडेला सोमिल झोपला होता. पहाटे त्याला पावसाच्या आवाजाने जाग आली. त्याने वर पाहिले. झाडांच्या शेंड्यांवर आभाळ निरभ्र होते.

खालून, समुद्राच्या बाजूने, धुके डोंगर चढत होते. खुंटांवरून ते न थांबता सरकत पुढे गेले आणि तिथली माती कोरडी ती कोरडीच राहिली. पण झाडांत शिरताच ते अडखळले. पानापानाने त्याला धरले. पानाच्या टोकाशी थेंब जमला, शेवाळावर पडला, मुळाशी जिरला. असे हजारो थेंब, हजारो पानांवरून. झाडांखाली पाऊस पडत होता आणि वर ढगाचा ठिपकाही नव्हता.

सोमिल त्या पाण्यामागे उतारावर उतरत गेला. मातीत नाहीसे झालेले पाणी खाली कातळाच्या भेगेतून बारीक धार होऊन पाझरत होते. पुढे दुसरी धार येऊन तिला मिळाली, मग तिसरी, आणि दगडांमधून खळखळ ऐकू येऊ लागली. ती शुभ्रा होती.

तो मागे वळला आणि पुन्हा माथ्यावर येऊन उभा राहिला. उजाडले होते. दूर पश्चिमेला समुद्राची कड चकाकत होती आणि तिच्यावरून पांढरे लोट उठून डोंगराकडेच येत होते. त्याच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून तो म्हणत आला होता, शुभ्रा वाहून जाते. ती कुठेच जात नव्हती. एक शुभ्रा दगडांवरून उतरत होती आणि दुसरी, तिच्याहून कितीतरी रुंद, आवाज न करता आभाळातून चढत येत होती. पावसाळ्यात हीच काळी होऊन गर्जत येते. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

तो धावत राजाकडे आला. सारे ऐकून राजा म्हणाला, "म्हणजे धर्मघोष चुकला. आजपासून महामंत्री तू. जा आणि कुऱ्हाडी थांबव. नाहीतर उद्या उजाडताच उरलेला माथाही तुटेल."

सोमिल म्हणाला, "नको, महाराज. लोकांचा विश्वास आर्य धर्मघोषांच्या पायावर आहे. मी हुकमाने झाडं वाचवीन, पण झाडं चोर आहेत हे लोकांच्या मनात तसंच राहील. मी मेलो की कुऱ्हाडी पुन्हा वर चढतील. आधी आर्यांना वर नेऊन सारं दाखवू द्या."

"आणि त्याने पाहूनही मानलं नाही तर?"

"तर झाडं जातील, आणि दोष माझा."

तो धर्मघोषाच्या दारी गेला. "आर्य, वर पाणी आहे, पण मोजणारा नाही. तो मान तुमच्या पायाचा आहे."

"माझे गुडघे चढतील का रे डोंगर?"

"माझे आहेत की." सोमिल पाठ करून खाली बसला.

चढणीवर म्हातारा कुरकुरत होता. "हळू! मी गोणी नाही."

"गोणी गप्प बसते, आजोबा."

रात्र त्यांनी कुऱ्हाडवाल्यांच्या खोपीत काढली. पहाटे सोमिलने त्याला आधी खुंटांमध्ये उभे केले. पाय कोरडे राहिले. मग झाडांखाली उभे केले. शेवाळात पाय घोट्यापर्यंत रुतले आणि भोवती पाणी जमले. म्हाताऱ्याच्या टकलावर टपटप थेंब पडू लागले. पलीकडे कुऱ्हाडवाले कमरा कसून हुकमाची वाट पाहत होते.

धर्मघोषाने वर पाहिले. मग सोमिलने बोट केले तिकडे, समुद्राकडे.

"हे सगळं... तिथून येतं?"

"रोज."

"म्हणजे ही झाडं पाणी पीत नव्हती. आपल्याला वाढत होती." त्याने ओल्या बुंध्यावर हात ठेवला. "आणि मी वाढणाऱ्याचेच हात तोडले."

त्याने वळून हाक दिली, "कुऱ्हाडी टाका!" आणि कुऱ्हाडी खाली पडल्या.

त्या उन्हाळ्यात शुभ्रा भरली नाही. लोकांना हाल सोसावे लागले. पण नगरात दवंडी पिटली गेली, आणि तिचे शब्द धर्मघोषाने स्वतः सांगितले होते: पाय खरे बोलला, मी खोटे बोललो; झाडे चोर नाहीत, तीच धुक्यातून पाणी आणतात. पुढच्या पावसाळ्यात लोक रोपे घेऊन दक्षिणेचा उतार चढले. ती झाडे धुके धरण्याइतकी उंच झाली, तेव्हा धर्मघोष हयात नव्हता.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुषेण राजा तो आजचा भिक्षू आनंद. कुऱ्हाडी टाकणारे ते तुम्ही. धर्मघोष या सभेत पहिल्या ओळीत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही, कारण त्याने ते स्वतःच ओळखले आहे. आणि त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढलेला सोमिल तो मीच होतो."

स्वतःला दिसले एवढ्यावर न थांबता दुसऱ्याला दिसेपर्यंत त्याचे ओझे वाहणारी ती प्रज्ञा. त्या जन्मी बोधिसत्त्वाने प्रज्ञापारमिता आचरली.