चंद्रिकाचं पान

"मग तिला बसवू तरी कुठं, महाराज?"

मठाचा कारभारी भार्गव धापा टाकत विचारत होता. निरंजनबुवा जेवणाआधी पाय धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

भोजनशाळेत पंगत खोळंबली होती. पुरुषांची रांग डावीकडे, बायकांची उजवीकडे. आणि बायकांच्या रांगेत आज चंद्रिका येऊन बसली होती, मठाच्या दवाखान्यातली परिचारिका. जन्माच्या दाखल्यावर ती मुलगा होती. आपण बाई आहोत हे तिनं घरी सांगितलं, त्या दिवशी घर सुटलं.

आठ महिन्यांपूर्वी तिला नोकरी दिली, तेव्हा तृतीयपंथीयांना सामावून घेणारी आपली संस्था, असं भार्गवनंच वार्षिक अहवालात लिहिलं होतं. फोटोसकट. जेवणाचं मात्र त्यानं हळूच वेगळं जमवलं. कुणी दुखावायला नको म्हणून तिचं पान मागच्या ओट्यावर, खरकट्याच्या पिंपाशेजारी.

आज ती आत आली. ऊठ म्हटल्यावर एवढंच म्हणाली, "यांच्या जखमा मी या हातांनी धुते. मी उठणार नाही."

शेजारच्या दोघी सरकून बसल्या. विश्वस्त दाजीसाहेबांनी भार्गवकडे रोखून पाहिलं. म्हणून तो धावत आला होता.

उपायही त्यानं शोधून आणला होता. तिच्यासाठी स्वतंत्र खोली बांधू, पंखा लावू, दारावर मानानं पाटी लावू. बारा वर्षं मठाचा कारभार त्यानं असाच निगुतीनं सांभाळला होता. शाबासकीची वाट पाहत तो थांबला.

बुवांनी पाय पुसले. भोजनशाळेला वळसा घालून ते मागच्या ओट्यावर गेले आणि मांडी घालून बसले.

"माझं पान इथं मांड."

पिंपावर माश्या घोंगावत होत्या.

"महाराज, इथं तुम्ही... ही काय बसायची जागा आहे?"

"का रे?"

उत्तर भार्गवच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ते त्याला आठ महिने ठाऊक होतं.

...

त्याचे कान तापले. तो म्हणाला, "आत चला. तिला मी वाढतो."

बुवा आत येऊन पंगतीत बसले. भार्गवनं भाताची बादली स्वतः उचलली. वाढपी बाजूला झाले. पहिला भात त्यानं चंद्रिकाच्या पानावर वाढला, मग बुवांच्या. चंद्रिकानं मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं. आभार मानले नाहीत.

तेवढ्यात दाजीसाहेब उभे राहिले. ही इथं जेवणार असेल तर आम्ही या मठात जेवणार नाही, असं त्यांनी आवाज न चढवता बजावलं. चार-पाच जण त्यांच्यामागे उठले. मग त्या सरकलेल्या दोघी. मग आणखी काही.

भार्गव बादली घेऊन बुवांजवळ वाकला.

"महाराज, निम्मी पंगत उठेल..."

बुवांनी भातावर आमटी घेतली. घास कालवला.

"उठू दे. जागा होईल."