कडोसरीतली सुपारी

एका गावात एक गुरव होता आणि त्याच्या डोक्यात शब्द इतके दाटले होते, की श्रावणात बुरशी धरू नये म्हणून तो ते अंगणात वाळत घालायचा म्हणे. खोटं वाटत असेल, तर त्या गावच्या चिमण्यांना विचारा. कैक जोडाक्षरं त्यांनीच टिपली.

त्या गावाला शब्दकोड्यांचं वेड होतं. दर बाजाराच्या दिवशी पंतोजी चावडीच्या भिंतीवर कोळशानं चौकटी आखायचे, बाजूला आडव्या-उभ्या शब्दांच्या खुणा लिहायचे. पण गावाची एक रीत होती. ज्याला शब्द सुचला, त्यानं तो लिहायचा नाही. त्यानं बोलायचं, जोडीदारानं लिहायचं. त्यामुळे कोडं कधी एकट्याचं होत नसे.

गुरवाचा जोडीदार होता एक कोष्टी. अक्षरांची उलटापालट गुरवाची, आडवळणाचे शब्द कोष्ट्याचे. "'मकर'ची अक्षरं फिरवा, मोजता येईल असं काही करा," अशी खूण आली की गुरव ओरडे, "रकम!" आणि 'डोईवर, पण घागरीखाली' असं आलं की कोष्टी हसून म्हणे, "चुंबळ लिही, गड्या. तुझ्या डोक्यावर काही ती राहायची नाही, आत आधीच गर्दी फार!"

एकदा राजाचा कारभारी जरीचं पागोटं घेऊन गावात आला. राजानं स्वतः रचलेलं कोडं दिवस मावळायच्या आत जो सोडवील, त्याला ते मिळणार होतं.

"मिळालं तर एक दिवस तुझ्या डोक्यावर, एक दिवस माझ्या," कोष्टी म्हणाला.

"आणि सणाच्या दिवशी?"

"सणाच्या दिवशी दोघं बोडके!"

दुपार कलली तोवर सगळं कोडं भरलं. एकच शब्द राहिला. त्याची खूण होती: 'डोसकरी' उलटसुलट करा. म्हातारीची बिनकुलपाची तिजोरी.

कोष्टी म्हणाला, "नदीपलीकडे माझी मावशी राहते. असले जुने शब्द तिच्याकडे सापडतील. विचारून येतो. तोवर हात आवर हं, लेका!"

"जा रे. तुझ्यावाचून लिहितोय कशाला?"

कोष्टी गेला. गुरवानं चार चिंचोके घेतले, त्यांवर एकेक अक्षर काढलं आणि ते जमिनीवर फिरवत बसला. फिरवता फिरवता तो ताडकन उठला. कडोसरी! लुगड्याची कमरेशी खोचलेली घडी. त्याची आजी पैसा-सुपारी तिच्यातच ठेवायची.

दिवस अजून चांगला कासराभर वर होता.

"लिहा की, गुरवबुवा! मुहूर्त बघताय का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"कोष्टी तिकडं मावशीची भाकरी मोडत बसला असेल," दुसरा म्हणाला.

कारभाऱ्यानं जांभई दिली. "जोडीदार आहे का कुणी, की एकट्याचंच काम?"

गुरवानं नदीच्या वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. मग त्यानं पागोट्याकडे पाहिलं. उन्हात जर नुसती लखलखत होती. त्यानं कोळसा उचलला आणि शब्द लिहिला.

"एकट्याचंच," तो म्हणाला.

गावानं जल्लोष केला. पागोटं डोक्यावर चढलं. तेवढ्यात गुरवाची नजर गर्दीच्या मागे गेली. गुडघ्यापर्यंत भिजलेला कोष्टी धापा टाकत उभा होता. शब्द सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. ते त्यानं हळूच मिटलं. पुढे येऊन त्यानं गुरवाच्या तळहातावर एक सुपारी ठेवली.

"मावशीनं कडोसरीतून काढून दिली. म्हणाली, दोघं मिळून खा."

"अरे, मी तर..."

"पागोटं शोभतंय हो तुम्हाला, गुरवबुवा," कोष्टी म्हणाला आणि वळला.

उभ्या जन्मात तो गुरवाला 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

पुढच्या बाजाराला कोष्टी आला नाही. गुरवाला शब्द सुचत होते, पण ते लिहायला कुणी पुढे होईना. "तुमचं काय बुवा, एकट्याचंच काम!" म्हणून लोक हसायचे.

माफी मागायला गुरव कितीदा घरून निघाला. पण अर्ध्या वाटेत त्याला वाटे, 'क्षमा' फार तोकडा शब्द, 'दिलगिरी' कोरडा. याहून भारदस्त काही हवं. मग तो परत फिरे आणि शब्द घासूनपुसून ठेवी. असं करता करता एके दिवशी तो कोष्ट्याच्या दारात पोचला, तर मागाचा आवाज नव्हता. कोष्टी माग उकलून घाटापलीकडे लेकीच्या गावी गेला होता, कायमचा.

बंद दारापुढे उभ्या उभ्या गुरवाच्या तोंडून आपोआप निघालं, "चुकलो रे, गड्या."

इतकंच होतं. पण ऐकायला कुणी नव्हतं.

आता गुरव म्हातारा झालाय. पागोट्यात कोंबडी अंडी घालते, असं गावकरी सांगतात. सुपारी मात्र त्याच्या कनवटीला अजून तशीच आहे. कुणी अडकित्ता पुढे केला, तर तो तिच्यावर हात ठेवतो आणि नदीच्या वाटेकडे बघत म्हणतो, "थांबा जरा. एकजण यायचाय."

तात्पर्य: जोडीदार वाटेत असताना शेवटचा शब्द लिहू नये, आणि लिहिलाच, तर 'चुकलो' म्हणायला त्याहून चांगला शब्द शोधत बसू नये.