बुडालेल्या गावाचे पागोटे

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना, त्याच्या सीमेपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी कोविदार नावाचे एक गणराज्य होते. तिथे राजा नव्हता, किंवा खरे सांगायचे तर सातशे होते. सभागारात सातशे आसने होती, प्रत्येक आसन एकेका कुळाचे किंवा गावाचे, आणि त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला लोक ‘राजे’ म्हणत. बोधिसत्त्व त्या जन्मी याच गणराज्यात सुचरित या नावाने जन्मला होता आणि गणाचा शलाकाग्राहक होता. शलाका म्हणजे मत देण्याच्या काड्या. पांढरी काडी होकाराची, काळी नकाराची. प्रत्येक जण आपली काडी मुठीत झाकून सुचरिताच्या हातात देई. कोणी कोणती दिली हे त्याला एकट्याला दिसे, आणि ते कधीही न सांगण्याची त्याने शपथ घेतलेली असे.

वसुदत्त हा त्याचा बाळपणापासूनचा मित्र. स्वभावाने चांगला, बोलायला गोड, कोणाला नाही म्हणायचे त्याच्या जिवावर येई. त्याच्याकडे दोन आसने होती. एक त्याच्या कुळाचे. दुसरे शैवलग्रामाचे, आणि त्या आसनावर एक पागोटे ठेवलेले असे.

हे पागोट्याचे प्रकरण समजून घ्यायला हवे. गणराज्याचे नियम झाले तेव्हा सातशे कुळे आणि गावे होती. पुढे काही कुळे निर्वंश झाली, काही गावे उठली, पण आसने तशीच राहिली. जवळच्या नातलगाने त्या रिकाम्या आसनावर पागोटे ठेवायचे आणि त्याच्या वतीने काडी द्यायची, असा प्रघात पडला. अशी नव्वद पागोटी सभागारात बसत. शैवलग्राम तर वसुदत्ताच्या आजोबांच्या वेळीच नदीने गिळले होते. तिथे आता मासे राहत. म्हणजे त्या माशांना गणात एक मत होते, आणि नदीच्या खालच्या काठावर राहणाऱ्या तीन हजार कुंभार, कोष्टी आणि नावाड्यांना एकही नव्हते. नियम झाले तेव्हा ते लोक तिथे राहायला आलेलेच नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

खालच्या काठाला एकच मोठी भीती होती. नदीला दोन बांध होते, एक नगराच्या बाजूचा आणि एक त्यांच्या बाजूचा. महापूर आला आणि नगराला धोका झाला, तर खालचा बांध फोडून पाणी तिकडे सोडायचा अधिकार गणाला होता. साठ वर्षांत ती वेळ आली नव्हती. पण दर पावसाळ्यात कुंभारवाड्यात लोक बांधाकडे बघत जेवत.

एके दिवशी कुंभारांची मुख्य सामा ही सुचरिताला आणि वसुदत्ताला भट्टीपाशी भेटली. पन्नाशीची, ताठ कण्याची बाई. तिने दोघांना बसायला पाट दिले आणि हातावरची माती न धुताच बोलायला लागली.

“राजे, आम्हाला मऊ आसन नको. दाराशी उभे राहू. पण बांध फोडायचा विचार निघेल त्या दिवशी ‘नको’ म्हणणारं आमचं एक तोंड आत असू द्या.”

वसुदत्ताला भरून आले. त्याने तिथल्या तिथे सांगितले की माझ्या हातून होईल ते मी करीन. आणि तो मनापासून बोलला होता, हे इथे सांगितलेच पाहिजे.

सुचरिताने प्रस्ताव लिहिला. सगळी पागोटी उचलावीत आणि ती नव्वद आसने खालच्या काठाला द्यावीत. वर्षभर तो घरोघर हिंडला. कोणी त्याला ताक देऊन हो म्हणाले, कोणी नुसतेच ताक दिले. गणमुख्य भद्रघोष म्हणाला की आपल्या वाडवडिलांनी घातलेली घडी विस्कटायचा आपल्याला काय अधिकार. त्याच्याकडे स्वतःची तीन पागोटी होती, त्यामुळे वाडवडिलांचा आदर त्याला जरा जास्तच होता. तरीही माणसे हळूहळू वळत गेली, आणि वसंतात सभा भरायच्या आधी वसुदत्ताने अंदाज काढला की प्रस्ताव तीस-चाळीस काड्यांनी सहज पार पडेल.

हाच अंदाज त्याला नडला.

त्याच्या घरी दुसरेच काही ठरले होते. मुलगा विशीचा झाला होता, आणि पुढच्या सभेपासून शैवलग्रामाचे पागोटे उचलून त्या जागी त्याने बसायचे, असे सगळे धरून चालले होते. बायकोने त्यासाठी उपरणे विणून ठेवले होते. त्या उपरण्याबद्दल वसुदत्त घरात काही बोलू शकला नाही. सभेच्या दिवशी सकाळी स्नान करताना त्याला एक तोड सुचली. आपली स्वतःची काडी पांढरी द्यावी, म्हणजे सामाला दिलेला शब्द राहिला. पागोट्याची काळी द्यावी, म्हणजे घराशीही प्रतारणा नाही. प्रस्ताव तर होणारच आहे, मग मुलाला सांगता येईल की मी तुझ्यासाठी प्रयत्न केला होता. कोणाचेच मन मोडत नव्हते. त्याला फार हलके वाटले.

सुचरित काड्या गोळा करीत त्याच्यासमोर आला. वसुदत्ताने आधी पांढरी दिली. मग खाली बघत पागोट्याची काडी दिली. सुचरिताचा हात क्षणभर तसाच राहिला आणि मग पुढच्या आसनाकडे गेला.

मोजणी झाली. साडेतीनशे पांढऱ्या, साडेतीनशे काळ्या. बरोबरी झाली तर जुनाच नियम कायम, असा प्रघात होता. सुचरिताने आकडा मोठ्याने सांगितला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. वसुदत्ताला मात्र कानशिलात कोणीतरी मारल्यासारखे झाले. दाराबाहेर सामा उभी होती. तिने आत एकदा पाहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती निघून गेली.

त्याच वर्षी भाद्रपदात नदी चढली. चौथ्या दिवशी सकाळी पाणी नगराच्या बांधाला टेकले आणि सभा बोलावली गेली. प्रघाताप्रमाणे भद्रघोष प्रस्ताव तीनदा उच्चारू लागला. खालचा बांध फोडावा. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प बसावे, ज्यांना नाही त्यांनी बोलावे. पहिल्याच उच्चाराला वसुदत्त उभा राहिला. तो म्हणाला की सगळे नगर माती टाकायला लागले तर आपला बांध टिकेल, दोन दिवस वाट पाहा. बरेच जण त्याच्या बाजूने बोलले. काड्या वाटल्या गेल्या. या खेपेला त्याने दोन्ही काळ्या दिल्या.

चारशे पांढऱ्या, तीनशे काळ्या. पागोट्यांच्या काड्यांचा आकडा वेगळा सांगायचा प्रघात होता; त्यांपैकी त्र्याऐंशींनी बांध फोडायला संमती दिली होती. वसुदत्त बसल्या जागी मनाशी हिशेब करीत राहिला. त्या नव्वद आसनांवर खालच्या काठाची माणसे असती, तर बांध राहिला असता. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिले, उत्तर तेच येई.

सुचरिताने एवढेच मागितले की ज्यांच्यावर पाणी सोडायचे त्यांना आधी सांगायला दुपारपर्यंतचा वेळ द्या. तो मिळाला. दोघे मित्र धावत खालच्या काठावर गेले. सामाने काही विचारले नाही, कोणाला बोल लावला नाही. तिने माणसांना वाट्या वाटाव्यात तशी कामे वाटून दिली: म्हातारे कोणी उचलायचे, जनावरे कोणी सोडायची, नावा कुठे लावायच्या. वसुदत्ताने स्वतःच्या पाठीवरून सात जणांना टेकडीवर नेले. माध्यान्हीपर्यंत जवळजवळ सगळी वस्ती वर आली. तेव्हा सामाच्या लक्षात आले की कोष्टीवाड्यातला बहिरा म्हातारा दिसत नाही. त्याला आरोळी ऐकू आली नसणार. ती उतरून गेली. ती कोष्टीवाड्यात शिरलेली वसुदत्ताने टेकडीवरून पाहिली, आणि त्यानंतर पाण्याचा आवाज आला.

अकरा माणसे गेली. सामा सापडली नाही. दुसऱ्या दिवशी नदी आपणहून उतरली.

पाणी ओसरल्यावर दोघे मित्र फुटक्या भट्टीपाशी बसले होते. वसुदत्त म्हणाला, “तुला दिसली होती ती काडी.”

“दिसली होती.”

“मोजताना एक काळी तू पांढऱ्यांत टाकली असतीस, तर कोणाला कळलं असतं? ती आज जिवंत असती.”

सुचरिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तो शांतपणे बोलला. “मी ती काडी रोज बघतो, वसुदत्ता. मला दुःख नाही असं समजू नकोस. पण मी ती फिरवली असती, तर निर्णय गणाचा राहिला नसता, माझा झाला असता. आणि माझ्यामागून ज्याच्या हातात काड्या येतील त्यालाही ती वाट सापडली असती. काड्या कशा द्यायच्या हे तुमच्या हातात होतं. माझ्या हातात फक्त खरं मोजणं होतं.”

वसुदत्त उठला आणि घराकडे चालू लागला.

पुढच्या सभेत तो शैवलग्रामाचे पागोटे हातात घेऊन मध्यभागी आला आणि त्याने सर्वांदेखत सांगितले की वसंतात बरोबरी झाली ती या पागोट्यामुळे, आणि ही काडी मी दिली होती. पागोटे त्याने जमिनीवर ठेवले. थोड्या वेळाने एक म्हातारा उठला आणि त्याने आपल्याकडचे पागोटे त्याशेजारी ठेवले. मग आणखी एक. सुचरिताचा जुना प्रस्ताव तीनदा उच्चारला गेला. सभागार गप्प राहिले, भद्रघोषसुद्धा. काड्या वाटायची गरज पडली नाही.

शैवलग्रामाचे आसन सामाच्या भावाला मिळाले. तो वसुदत्ताच्या शेजारीच बसू लागला. रोज नमस्कार करी, काही बोलत नसे. वसुदत्त त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला, लोक त्याला भला माणूस म्हणत. पण जिची क्षमा मागायची तीच नव्हती, आणि ती सल त्याच्याबरोबरच चितेवर गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या विहारात उदक नावाच्या भिक्षूला सांगितली. त्या वर्षावासात, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, बाहेरगावहून थकून आलेल्या भिक्षूंना कोरड्या कुटी द्याव्यात का, हे ठरवायला संघ जमला होता. स्थविर मेत्तगण आजारी होते, म्हणून त्यांनी आपली संमती उदकाबरोबर पाठवली. पण स्वतःची कुटी जाईल या भीतीने उदकाने संघात उलट सांगितले: स्थविरांची संमती नाही. एकाचीही असंमती असली की संघात ठराव होत नसे, म्हणून पाहुणे ओल्या पडवीत राहिले, त्यांतले दोघे तापाने फणफणले. त्याचा एक सोबती त्याची बाजू घेऊन बोलत होता, पण आता उदक चार दिवस जेवला नव्हता आणि झाडाखाली एकटाच रडत बसत होता.

शास्ते म्हणाले, “उदका, दुसऱ्याच्या नावाची काडी तू आजच चुकीची दिलीस असे नाही, पूर्वीही दिली होतीस. त्या वेळचा वसुदत्त तू होतास. भद्रघोष म्हणजे आज तुझी बाजू घेऊन बोलणारा तुझा सोबती. सुचरित मीच होतो, आणि हाती सत्ता असूनही एक काडी न फिरवणे ही माझी सत्यपारमिता, सत्य शेवटपर्यंत पाळण्याचे व्रत, होती. तिचे मोल किती पडले ते मी विसरलो नाही. आणि सामा म्हणजे आजचे स्थविर मेत्तगण.”

उदकाने मान वर केली.

“त्या वेळी क्षमा मागायला तुला कोणी उरले नव्हते,” शास्ते म्हणाले. “आज ते आजारी आहेत, पण आहेत. त्यांची कुटी तिसरी.”

उदक उठला. तो चालत तिसऱ्या कुटीपर्यंत गेला आणि दारापाशी हात जोडून उभा राहिला. आतून स्थविरांनी क्षीण आवाजात विचारले, कोण आहे? उदकाने आपले नाव सांगितले, आणि मग जे खरे होते ते सांगितले.